कोठ्यावर काय घालावे?

(मृगाच्या तोंडावर झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, बियाण्याची टंचाई आहे. छपराचा विषय त्यात नव्हता, तो आम्ही मागून घातला. गेल्या पंधरा दिवसांत ज्या ज्या गावात गेलो, तिथे बैठक संपली की कोणी तरी बाजूला घेऊन विचारायचे, "साहेब, कोठ्याचे कवेलू काढून टिन टाकावे म्हणतो. का सिमेंटचा पत्रा घेऊ?" भावावर बोलताना मागे बसणारा माणूसही या प्रश्नाला पुढे येऊन उभा राहतो. हा लहान प्रश्न असता, तर असे झाले नसते.

कोठा म्हणजे काय? त्यात बैलजोडी आहे, दुभती म्हैस आहे, वर्षाचा कडबा आणि कुटार आहे. आणि भाव पडलेला असला, की एका कोपऱ्यात कापूसही आहे. छप्पर गळके असेल तर कापूस आजच्या आज गाडीत भरावा लागतो, मिळेल त्या भावाने. छप्पर धड असेल तर महिनाभर थांबता येते. भावासाठी थांबण्याची ताकद आपण मोर्च्यात शोधतो. तिचा थोडा भाग आपल्याच कोठ्याच्या आढ्यावर असतो.

आधी आमची चूक

आम्ही कृषी पदवीधर. माती तपासायला शिकलो, बोंडअळी ओळखायला शिकलो, छपराबद्दल मात्र कॉलेजात फारसे कोणी शिकवले नाही. तरी पदवीचा ताठा असतोच. आमच्या वडिलांचा कोठा जुना. सागाचे खांब, सागाचा मयाल, बांबूचे फाटे, वर मंगलोरी कवेलू. दरवर्षी वानरांची टोळी यायची आणि पाच-पन्नास कवेलू फोडून जायची. दर मे महिन्यात कवेलू फेरायला माणूस बघा, फुटलेले बदला. २०१२ साली आम्ही ठरवले, कटकट संपवू. कवेलू उतरवले, मागेल त्याला देऊन टाकले आणि त्याच जुन्या फाट्यांवर टिन ठोकले. साधे खिळे, लाकडात.

वडील म्हणाले, "कवेलू आपल्या वजनाने बसून राहतो. टिन उडायची वाट पाहते." आम्ही हसलो.

२०१६ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, संध्याकाळी वादळ आले. पाऊस दहा मिनिटांचा, वारा पाच मिनिटांचा. कोठ्याची अर्धी बाजू एकदम उचलली गेली. सुटे टिन नव्हे, फाट्यांसकट. त्यातले एक टिन परत खाली आले ते बैलाच्या मागच्या पायावर. शीर तुटली. बैल जगला, पण जुवाला पुन्हा लागला नाही. त्या साली पेरणी भाड्याच्या जोडीने केली, आठ दिवस उशिरा. कडबा भिजला, बुरशी आली. त्या एका संध्याकाळी छपरावर वाचवलेले सगळे गेले आणि वर गाठीचे गेले. वडील त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

वाऱ्याचे गणित

नंतर आम्ही वही घेऊन बसलो. तेच गणित आज तुमच्यासमोर मांडतो.

रोजगार हमीतून गोठे देण्याचा शासन निर्णय २०२१ साली निघाला. त्यात सहा गुरांपर्यंतच्या गोठ्याचे माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद होते. आपल्याकडचे बरेच कोठे याच मापाच्या आसपास. उतार आणि पागोळी धरून छप्पर होते अंदाजे ३५ चौरस मीटर. आता वजन पाहा.

मंगलोरी कवेलू एका चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. एक कवेलू अडीच-तीन किलोचा. म्हणजे मीटरला चाळीस किलोच्या वर आणि सगळे छप्पर चौदाशे-पंधराशे किलो. भिजले की आणखी जड.

सिमेंटचा सहा मिलिमीटर पत्रा मीटरला तेरा-चौदा किलो. सगळे छप्पर पाचशे किलोच्या आत.

अर्ध्या मिलिमीटरचे टिन मीटरला पाच किलोच्या आत-बाहेर. सगळे छप्पर पावणेदोनशे किलो. आपल्या घरची चार-पाच माणसे वर चढली तर त्यांचे वजन छपराहून जास्त भरेल.

आता वारा. ताशी शंभर किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर पंचेचाळीस-पन्नास किलोचा जोर लावतो. छपरावरून वारा जातो तेव्हा तो छप्पर दाबत नाही, वर ओढतो. कोठा एका बाजूने उघडा असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. कवेलूचे वजन आणि वाऱ्याची ओढ जवळपास बरोबरीची. कडेचे कवेलू उडतील, पण एकेक सुटे उडतील आणि फटीतून वारा निघून जाईल. टिनाचे वजन मात्र या ओढीच्या दहाव्या हिश्श्याचे. ते वजनावर टिकतच नाही. ते टिकते फक्त बांधणीवर. आणि टिन एकमेकांत अडकलेले असल्यामुळे सुटले की सगळे एकदम सुटते.

वडिलांनी एका वाक्यात सांगितले ते हेच. जुना कोठा जड छपरासाठी बांधलेला असतो. मयाल खांबावर नुसता टेकलेला, फाटे मयालावर टेकलेले, सगळे वजनाने गच्च. वरचे वजन काढले की सांगाडा सैल होतो. म्हणून ज्याला कवेलू काढून टिन घालायचे आहे, त्याने टिनाचे पैसे मोजण्याआधी बांधणीचे पैसे बाजूला काढावेत. फाटा मयालाला, मयाल खांबाला आणि खांब जमिनीला, असे लोखंडी पट्टीने आणि बोल्टने बांधत खाली जायचे. एक कडी सुटी राहिली तर बाकीचा खर्च फुकट.

एकेक छप्पर पाहू

गवताचे छप्पर. सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत स्वस्त. दर दोन-तीन वर्षांनी शाकारावे लागते आणि विस्तवाचे भय कायम. ज्या छपराखाली कापूस ठेवायचा आहे तिथे गवत नको. आणि एक गोष्ट शेतीतला माणूस म्हणून सांगतो. छपराला आणि कुडाला तुराट्या वापरा, पऱ्हाटी वापरू नका. पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त अवस्थेत उन्हाळा काढते आणि पावसाबरोबर तिचे पतंग बाहेर येतात. २०१७ साली बोंडअळीने काय केले ते आपण विसरलेलो नाही. कोठ्याच्या कुडात आपणच तिला घर बांधून देऊ नये.

कवेलू. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने याचा कारखाना काढला, म्हणून मंगलोरी. माती भाजलेली, त्यामुळे ऊन लगेच खाली पोचत नाही. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. फुटला तर एक बदलता येतो, सगळे छप्पर बदलावे लागत नाही. हे त्याचे मोठेपण. त्याचा वैरी वानर. दुसरा वैरी आपण, कारण फेरणारा माणूस आता गावात मिळत नाही आणि आपल्या पोरांना वर चढता येत नाही. पण गावोगाव जुने वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचे पक्के भाजलेले कवेलू उतरवून ठेवलेले दिसतात. घेताना एकेक कवेलू बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर त्याला तडा आहे.

सिमेंटचा पत्रा. याच्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण दुकानात कोणी बोलत नाही. आपल्याकडचे बहुतेक सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे आहेत. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. श्वासातून फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात आणि पुष्कळ वर्षांनी कॅन्सर करतात. ब्राझीलने २०१७ साली, कॅनडाने २०१८ साली त्यावर बंदी घातली. अमेरिकेने २०२४ साली बंदीचा नियम काढला. आपल्या देशात पत्रा अजून विकला जातो. धोका पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि घासताना सगळ्यांत जास्त. म्हणून ज्यांच्या कोठ्यावर आधीच आहे त्यांनी घाबरून तो आजच फोडू नये. धड असेल तर राहू द्या. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा, अख्खाच्या अख्खा उतरवा. त्याचे तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात किंवा गव्हाणीखाली भरू नका. नवा घेणाऱ्यांना आमचे सांगणे एकच, घेऊ नका. सिमेंटचाच हवा असेल तर अॅस्बेस्टॉस नसलेला पत्राही निघतो, तो मागा आणि पावतीवर तसे लिहून घ्या.

याच पत्र्याची दुसरी गोष्ट. तो माणसाचे वजन पेलत नाही, जुना झाला की तर मुळीच नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा वानर हाकलायला वर गेला आणि पत्र्यातून थेट गव्हाणीच्या दगडावर आला. कंबर गेली. अठरा वर्षांचा होता. पत्र्यावर चढायचे तर दोन आडव्यांवर फळी टाकून फळीवरूनच चालावे, आणि लेकरांना चढूच देऊ नये.

टिन. हलके, गळत नाही, वानराला भीत नाही. म्हणून सगळे तिकडे चालले आहेत. पण टिन घेताना आपण फसतो. दुकानदार गेजचा आकडा सांगतो, आपण मान डोलावतो. गेज विचारू नका, जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि जस्त किती ग्रॅमचे ते विचारा. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम. २७५ ग्रॅमचे त्याच हवेत दुपटीहून जास्त टिकते. कोठ्यासाठी हे फार महत्त्वाचे, कारण गुरांच्या मुताची वाफ टिनाला खालून खाते. वरून चकचकीत आणि खालून चाळणी, असे टिन तुम्ही पाहिलेच असेल. जाडीची शंका आली तर एकाच मापाचे दोन पत्रे काट्यावर चढवा. अर्ध्या मिलिमीटरचा सपाट पत्रा चौरस मीटरला चार किलोच्या जवळ भरतो, तीन दशांशचा अडीच किलोच्या आत. आम्ही २०१२ साली जाड म्हणून घेतलेला पत्रा मोडीत विकताना मोजला, तो तीन दशांशचा निघाला. काटा त्या वेळीही दुकानातच होता, आम्ही तो वापरला नाही.

टिनाचा मोठा दोष तापण्याचा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता टिनाच्या कोठ्यात जा, टोपी काढा आणि दहा मिनिटे उभे राहा. म्हशीची कातडी काळी आणि तिच्या अंगात घामाच्या ग्रंथी थोड्या. तुम्ही दहा मिनिटांत बाहेर येता, ती दाव्याला बांधलेली आहे. उन्हाळ्यात तिचे दूध आटते आणि ती माजावर येत नाही, त्यात या छपराचा हात असतो. उपाय महाग नाहीत. छप्पर उंच ठेवा, पागोळीशी आठ फूट तरी हवेच. आढ्याला हवा निघायला फट ठेवा, वर टोपी बसवून. वरून पांढरा रंग द्या. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरे करण्याचे काम झाले आहे, तत्त्व तेच. चुना सिमेंटवर चालतो, टिनावर रंगच बरा, कारण ओला चुना जस्ताला खातो आणि चुन्यात मीठ घातले तर टिन लवकर गंजते. खालून तुराट्यांचे तट्टे बांधा, चार बोटांची पोकळी सोडून. आणि आपल्या आयांनी केले ते करा, कोठ्याच्या कडेला भोपळ्याचा वेल लावा.

स्लॅब. "साहेब, एकदाच स्लॅब टाकून मोकळे व्हावे का?" हेही विचारतात. दहा सेंटिमीटरच्या स्लॅबचे वजन मीटरला अडीचशे किलो. आपल्या कोठ्यावर पावणेनऊ टन. जुन्या मातीच्या भिंतींवर ते बसवणे म्हणजे गुरांवर भिंत पाडणे. स्लॅब हवा तर कोठा पायापासून नवा हवा. मग ते छपराचे काम राहत नाही, ते कर्जाचे काम होते.

खाली काय आहे ते आधी पाहा

मग घालावे काय? आमचे उत्तर असे, की वर काय घालायचे हे खालून ठरते. गुरांना थंडावा हवा, थोडे पाणी झिरपले तरी बैलाचे बिघडत नाही. कापसाला आणि कडब्याला थोडी ऊब चालते, पण पाण्याचा थेंब चालत नाही. सीसीआयच्या काट्यावर आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की पैसे कापतात आणि बाराच्या वर गेला तर कापूस घेत नाहीत. एकाच छपराकडून दोन्ही कामे मागितली की एक बिघडते.

आम्ही २०१६ नंतर कोठ्याचे दोन भाग केले. गुरांच्या बाजूला पाडलेल्या वाड्याचे जुने कवेलू आणून घातले. वानरांसाठी पागोळीच्या दोन ओळींवर तारेची जाळी ताणली. कवेलू अजूनही फुटतात, पण पाचपन्नासच्या जागी पाचसात. कडब्या-कापसाच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचे टिन घातले, या वेळी पट्टीने आणि बोल्टने बांधून. मधे आडवी भिंत आहे, कापसाला गुरांची वाफ लागत नाही. खत आणि औषधाचे डबे दोन्हीकडे नाहीत, ते वेगळ्या कुलपात. हे सगळ्यांना जमेल असे नाही. ज्याच्या गावात वानरांनी कवेलू ठेवलाच नाही, त्याने सगळे टिन घालावे, पण उंच, पांढरे आणि बांधलेले.

पैसा आणि हात

छपराची किंमत दुकानात सांगतात ती नसते. ती किती वर्षे टिकते आणि दरवर्षी किती खाते, ते धरून काढा. समजा एक छप्पर तीस हजारांचे आणि दहा वर्षांचे, तर वर्षाला तीन हजार. दुसरे पंचेचाळीस हजारांचे आणि पंचवीस वर्षांचे, तर वर्षाला अठराशे. महाग दिसणारे स्वस्त निघते. पण ते पंधरा हजार जास्तीचे सावकाराकडून शेकडा पाच महिन्याने आणले, तर वर्षाला नऊ हजार नुसते व्याज. मग सगळे गणित उलटे होते. म्हणून व्याजाने छप्पर घेऊ नका. या वर्षी अर्धे घाला, चांगले घाला. उरलेले अर्धे पुढल्या वर्षी. अर्ध्या कोठ्यावर चांगले छप्पर असलेला शेतकरी आम्ही पाहिला आहे, तो उभा आहे. सगळ्या कोठ्यावर उधारीचे हलके टिन घालणारे आम्ही स्वतः होतो.

काम करताना चार गोष्टी लक्षात ठेवा. बोल्ट टिनाच्या उंचवट्यावर मारा, नळीत नव्हे, पाणी नळीतून वाहते. प्रत्येक बोल्टखाली डांबराचा वायसर. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच तरी चढलेला, बाजूने दीड-दोन नळ्या. कडेच्या ओळीला आणि आढ्याला दुप्पट बोल्ट, वारा तिथूनच धरतो. आणि काम सुरू करण्याआधी गळते कुठे हे घरातल्या बाईला विचारा. दिवसातून चार वेळा कोठ्यात तीच जाते. कोणता फाटा कुजला आहे हेही तिला माहीत असते, फक्त आपण तिला विचारत नाही.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो आणि थांबतो. मृगाला थोडे दिवस आहेत. प्रत्येक गावात पाच-सहा जणांनी सावड करावी. एका दिवशी एक कोठा. पहिल्या दिवशी कोणाचे छप्पर बदलायचे ते ठरवू नका, फक्त पाचही कोठ्यांचे खांब, मयाल आणि फाटे हाताने हलवून पाहा. जे हलेल ते बांधा. पट्टी आणि बोल्ट एकत्र घ्या, ठोक भावाने मिळतील. टिन घ्यायचे असेल तर तेही एकत्र घ्या आणि सोबत काटा न्या. छप्पर पुढच्या वर्षी बदलले तरी चालेल. बांधणी मात्र या मृगाआधी झाली पाहिजे.

आमच्या दावणीला तो बैल नंतर सहा वर्षे होता. लंगडत गव्हाणीपाशी यायचा. वडील रोज त्याला आधी चारा टाकायचे, मग दुसऱ्यांना. आम्हाला काही म्हणायचे नाहीत. तुमच्या कोठ्यात असा बैल उभा राहू नये, म्हणून हा विषय आज बैठकीत घेतला. एवढे बोलून आम्ही थांबतो.